शेवटच्या पायरीवरचा हात

खोटं वाटलं तर वाटू द्या. कार्मिने आमच्याच गल्लीत राहतो, आणि आजही तो कुणाला उजवा हात देत नाही. लेकीच्या लग्नात व्याह्यांनी हात पुढे केला, तर याचा हात खिशात. लोक म्हणाले, म्हातारा माजलाय.

माजलेला नाही तो. त्याने मला सगळं सांगितलंय, आणि जाण्याआधी त्याच्या आईनेही तेच सांगितलं. शब्द न् शब्द जुळला.

गुरुवार, २१ जुलै २०११. दुपारचे सव्वादोन.

हो, दुपारचेच. भुतांना रात्र लागते असं तुम्हाला वाटत असेल. इथे इटलीत, कापुआच्या बाजूला, ती टळटळीत उन्हात फिरतात. खिडक्या बंद, रस्त्यावर कुत्रंही नाही... त्या वेळेला इथे कोंत्रोरा म्हणतात. उलटी वेळ. शहाणा माणूस तेव्हा उंबरा ओलांडत नाही.

कार्मिने गावातल्या मिथ्रा देवाच्या देवळाचा राखणदार होता. दारूच्या जुन्या कोठाराखाली, बावीस पायऱ्या उतरून. रोमन शिपाई तिथे चोरून जमायचे. बिनखिडकीची लांबट खोली, दोन्ही बाजूंना दगडी बाक, समोरच्या भिंतीवर बैलाच्या मानेत सुरी खुपसणारा देव. देवाचं नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं होतं. मिथ्रा म्हणजे आपला मित्रच की! आता नाही येत हसू.

वरची शेवटची पायरी तुटलेली होती. म्हणून कार्मिने वर उभा राहायचा, प्रत्येक पाहुण्याला उजवा हात द्यायचा आणि "ये, भावा!" म्हणत वर ओढायचा. इथे भावा कुणालाही म्हणतात. कॉफीवाल्याला, पोस्टमनला, भांडताना तर हमखास.

त्या दिवशी खालचे दिवे फडफडत होते आणि चार वाजता कॉलेजची मुलं येणार होती. धाकटा भाऊ सबातिनो वायरमन. दोघांचं एकमेकांवाचून पान हलत नसे.

"कोंत्रोरात खाली उतरू नका रे," आई ओरडली. "वांग्याचा पास्ता तयार आहे."

"आई, बल्बला कुठे घड्याळ कळतं?" सबातिनो म्हणाला. "झाकून ठेव, आलोच."

खाली बरंच गार होतं. सबातिनो बाकावर ऐटीत लवंडला. "शिपाई मजेत होते की! बायका नाहीत, कटकट नाही. इथे भरती कशी व्हायची?"

"उजवा हात द्यायचा," कार्मिने म्हणाला. "प्रोफेसर सांगत होते. एकदा हात दिला की ते सगळे भाऊ. मग सख्खा भाऊसुद्धा त्यांच्यानंतर."

"म्हणजे तुझ्यापासून सुटका! आधी सांगायचंस ना, गाढवा."

दोघं हसले.

आणि दिवे गेले...

"मेन स्विच बघतो," म्हणत कार्मिने चाचपडत वर गेला. स्विच चालू होता. तरी खाली मिट्ट काळोख.

"राहू दे, जेवून करू!" त्याने वाकून हाक मारली. "वर ये, हात देतो."

त्याने कान दिला.

मग पावलं वाजली. एक... दोन... सावकाश. सबातिनो पायऱ्या नेहमी दोन-दोन करून चढायचा. पण काळोख होता, म्हणून कार्मिनेला काही वाटलं नाही.

त्याने उजवा हात खाली केला.

हातात हात आला.

कोरडा. खरखरीत. आणि जुलैच्या त्या उन्हाळ्यात... बर्फासारखा गार.

"ये, भावा!" कार्मिने म्हणाला आणि वर ओढलं.

बाजूने कुणीतरी गेलं. ते शिपाई देवापुढे जाळायचे तशी पाइनची बोंडं जळल्याचा वास आला. कार्मिनेचं लक्ष किल्लीकडे होतं. त्याने जाळीचं दार लावलं, कुलूप घातलं आणि उन्हात निघाला. मागे पावलं वाजत होती.

आईने दरवाजा उघडला.

"सबातिनो कुठाय?"

"हा काय, मागे."

आईने त्याच्या खांद्यावरून पाहिलं. तिचा चेहरा पांढरा पडला.

"कार्मिने... मागे कुणी नाही."

तो धावत सुटला. कुलूप तसंच होतं. दार उघडलं, तर सबातिनो शेवटच्या पायरीखाली उभा. हात वर धरलेला, तसाच.

"मी इथेच होतो रे," तो कुजबुजला. "ओरडायला गेलो, आवाजच फुटेना. तू हात दिलास... माझ्या पुढच्याला. त्याला भावा म्हणालास."

कार्मिनेने घाईने हात पुढे केला.

सबातिनो मागे सरकला. "तो नको. डावा दे."

डाव्या हाताने त्याला वर काढलं. पुढच्याच महिन्यात सबातिनो दूर उत्तरेला, तोरिनोला निघून गेला. घरी फोन करायचा तो फक्त आईसाठी. सहा वर्षांनी आई गेली तेव्हा आला. दफनभूमीत दोघं भाऊ शेजारी उभे होते, पण मध्ये एका माणसाइतकी जागा सोडून. मी डोळ्यांनी पाहिलं. जागा सबातिनोने सोडली होती, आणि तो रडत होता.

गेल्या मंगळवारी अंजिरं द्यायला मी कार्मिनेकडे गेले. घड्याळ बघायचं राहिलं, माझंच चुकलं. अडीच वाजले होते. टेबलावर दोन ताटं होती.

"सबातिनो येणार आहे?" मी आनंदाने विचारलं.

"तो कशाला येईल आता?"

कार्मिने डाव्या हाताने जेवत होता. उजवा टेबलाखाली. पाणी सांडलं, रुमाल पडला, तरी तो हात काही वर आला नाही.

"हात दुखतोय का रे?"

त्याने समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"दुखत नाही," तो हळूच म्हणाला. "धरलाय."