आधी उत्तररंग

धुक्यात दुकान दिसलंच नाही. ऐकू आला तो आवाज — नानांचा. माझ्या वडिलांचा!

पाय जागीच थांबले. गळ्याच्या ऑपरेशननंतर दीड वर्ष नाना पाटीवर लिहूनच बोलतात... आणि इथं लोणावळ्याच्या बाजारात, चिक्कीच्या दुकानाशेजारी, त्यांचं कीर्तन ऐन रंगात आलेलं.

आत कॉम्प्युटर दुरुस्त करणारा तरुण. हातात स्क्रू-ड्रायव्हर, डोळे मिटलेले.

"अहो, हे... हे तुमच्याकडे कुठून आलं?"

"भंगारातून घेतलेल्या कॉम्प्युटरमधून," तो दचकला. "पुसणारच होतो. पण आख्यानातली राणी अजून वनातच होती हो... तिला तिथंच कशी सोडू?"

मला रडूच फुटलं. कॉम्प्युटर आमचाच. मोडीत देण्याआधी नानांची रेकॉर्ड केलेली चाळीस कीर्तनं मीच लॅपटॉपवर घेतली होती — चाळीस फोल्डरांतून कॉपी करून एकाच जागी. नानांनी प्रत्येक फोल्डरात दोनच नावं दिलेली : 'पूर्वरंग' आणि 'उत्तररंग'. लॅपटॉप दरवेळी विचारायचा, जुन्या फाइली बदलू का? मी आपली न वाचताच — हो, हो, हो! शेवटी उरलं एकच कीर्तन. हे नानांना सांगायचा धीर अजून झाला नव्हता; त्याला मात्र सगळं सांगितलं.

"एकोणचाळीस वेळा हो?" तो हसला. "इतक्या पटकन हो म्हणणारं माणूस पहिल्यांदाच बघतोय. मी विहंग."

"इंद्रायणी... आणि हसू नका."

मग दर शनिवारी मी शाळेतलं शिकवणं आटोपलं की तळेगावहून लोकलनं यायची. एकेक कीर्तन ऐकून आम्ही गाव ओळखायचो, फोल्डरला नाव द्यायचो — औंढे, टाकवे बुद्रुक... एक प्रत लॅपटॉपवर, एक दुकानात, एक वेगळ्या डिस्कवर. मधे चहा गार व्हायचा.

"तुम्ही उलटं ऐकता," एकदा मी म्हटलं. "पूर्वरंग आधी. त्यात निरूपण. मग मध्यंतर, मग उत्तररंगात आख्यान."

"कॉम्प्युटरनंच तसं लावलंय. 'उ' आधी, 'प' नंतर. मला वाटलं, आधी गोष्ट घडते, अर्थ मागून कळतो..."

तो माझ्याकडे बघत राहिला. मी उगीचच फाइली मोजल्या.

चाळिसाव्या कीर्तनाचंही गाव ओळखलं, आणि दुसऱ्याच दिवशी, रविवारी, तो डिस्क घेऊन घरी आला. मी नानांना सगळं सांगून टाकलं. ते पाटीवर लिहू लागले. लिहिलं होतं — 'सापडलं ना? मग लाव.'

पूर्वरंग संपला. नानांनी हात वर केला. मी थांबवलं. पाटीवर आलं — 'मध्यंतर. बुक्का आण.' स्वतःचाच आवाज ऐकून ओलावलेल्या डोळ्यांनी त्यांनी विहंगच्या कपाळी बुक्का लावला.

मी पाणी आणायला आत गेले, तो मागोमाग दारापर्यंत आला.

"इंद्रायणी, माझं पुन्हा उलटंच झालंय... उत्तररंग तयार आहे. पूर्वरंग काही सुचत नाही."

"मग... सरळ उत्तररंगच होऊ दे."

"लग्न कराल माझ्याशी?"

एकोणचाळीस वेळा न वाचता 'हो' म्हटलं होतं. या वेळी मात्र नीट वाचलं — त्याचा काळा बुक्का, थरथरणारी पापणी, सगळं.

"हो," मी म्हटलं.

बाहेरून नानांच्या चिपळ्या वाजल्या. दीड वर्षांनी, पहिल्यांदा.