टाच टेकेपर्यंत

डॉक्टर फुंग लाय-यी रोज सकाळी मान-होच्या टाचेवर सुरकुत्या शोधायच्या. टाचेचं हाड मोडलं की पाय फुगतो, कातडी तुकतुकीत होते, आणि सूज उतरून तिच्यावर सुरकुती दिसेपर्यंत शहाणा सर्जन मोठ्या कामाला हात घालत नाही. इथे तर हाड आतल्या बाजूने कातडी फाडून बाहेर आलं होतं. आल्या दिवशीच त्यांनी बाटल्यांमागून बाटल्या सलाईन ओतून जखम धुतली होती, मेलेलं मांस कापलं होतं आणि हाड तारांवर तात्पुरतं तोलून धरलं होतं. जखमेत पू झाला, तर पाऊल कापावं लागणार होतं.

मान-हो काउलूनमधल्या उंच इमारतींना बांबूची परांची बांधायचा. अशा माणसाची टाच गेली म्हणजे पोटच गेलं.

"डॉक्टरबाई, म्हातारी आली का?" तो विचारायचा. सुरकुतीला त्याने ठेवलेलं हे नाव.

"लाजतेय अजून."

तो हसायचा. त्याची बायको युक-लिन मात्र कधी हसली नाही. ती पलंगाखालच्या चपलांची तोंडं रोज दाराकडे वळवून ठेवायची.

एके दिवशी म्हातारी आली. डॉक्टर फुंगनी बाजूने लहानसा छेद घेतला, तुकडे जागेवर बसवले आणि स्क्रू सरकवले. जखम कोरडी राहिली. त्या इतक्या खूश झाल्या, की त्या दिवशी उपाहारगृहातला मिळमिळीत कांजीभातही त्यांना गोड लागला.

"मी सांगेपर्यंत टाच टेकवायची नाही," त्यांनी बजावलं. मान-होने ते शहाण्या मुलासारखं पाळलं.

पुढे हाड जुळलं. एक्स-रे तर दृष्ट लागावी असा आला. "चला, आता टेकवा," डॉक्टर फुंग म्हणाल्या.

मान-हो उभा राहिला तो चवड्यांवर.

"टेकवा ना."

"टेकवलीये की."

टाच आणि फरशी यांच्यात दोन बोटांचं अंतर होतं. दुसऱ्या पायाचंही तेच, आणि त्या पायाला तर साधं खरचटलंही नव्हतं.

त्यांनी त्याला निजवून घोटे वाकवून पाहिले. लोण्यासारखे वळत होते. भीती बसली असेल, म्हणून त्यांनी व्यायाम लिहून दिले. पुढच्या खेपेलाही तो तसाच आला, चवड्यांवर आणि किंचित झुलत.

"ही चाल यांची नाही," युक-लिन हळूच म्हणाली. "असे तोंगकाका चालायचे."

तोंगकाका म्हणजे मान-होचा जुना जोडीदार. परांची कोसळली तेव्हा दोघे एकदमच खाली आले. शेजारच्या स्ट्रेचरवर होते ते. वर शस्त्रक्रियेला न्यायच्या आतच गेले.

मेलेल्याला हिंडायचं असलं, की तो आपली पावलं जिवंत माणसाच्या टाचांखाली सरकवतो. हे काउलूनमधलं शेंबडं पोरही सांगेल. डॉक्टर फुंगनीही ते लहानपणी ऐकलं होतं आणि हसण्यावारी नेलं होतं. आज त्यांना हसू आलं नाही.

"सोमवारपासून कामावर जाणार म्हणतात," युक-लिन म्हणाली. "चवड्यांवर. ओल्या बांबूवर."

"मी परवानगी देणार नाही."

"ते तुम्हाला विचारणारेत का? डॉक्टरबाई, त्या दिवशी तुम्ही काय बोललात, आठवतं?"

"धीर दिला होता."

"दोन स्ट्रेचरच्या मधे उभ्या राहून. कुणाचं नाव न घेता. 'घाबरू नका, तुम्हाला मी पायावर उभं करीन. माझा शब्द आहे.' यांना तर शुद्धच नव्हती." ती थांबली. "डोळे तोंगकाकांचे उघडे होते."

इतकी वर्षं डॉक्टर फुंग हे वाक्य जखमींना सांगत आल्या होत्या. आधी नाव घ्यावं, हे त्यांना कधी सुचलंच नव्हतं.

त्यांनी टेबलावरचा कोरा कागद उचलला आणि त्या मान-होसमोर उकिडव्या बसल्या.

"हलू नका."

टाचेखाली उजेड दिसत होता. पलीकडची फरशी दिसत होती. त्यांनी कागद आत सरकवला.

तो मधेच अडला.

दुसऱ्या बाजूने सरकवला. पुन्हा अडला. जोर दिला, तशी कागदाची कड मऊपणे दुमडली.

मान-हो वरून पाहत होता. हसत नव्हता.

त्या खूप भ्याल्या होत्या. तरी आपण उभा केलेला माणूस आपल्याच शब्दापायी पुन्हा खाली पडावा, हे त्यांना सहन होईना.

"तोंगकाका," त्या फरशीकडे बघत पुटपुटल्या, "शब्द मी दिला होता. यांनी नाही. यांना सोडा."

काही झालं नाही.

मग मान-होच्या दोन्ही टाचा एकदम फरशीवर आल्या. तो कळवळून ओरडला. युक-लिन धावली. तो रडत होता, "दुखतंय गं, टेकली, दुखतंय," आणि पुढे जाऊन मागे येत होता, अख्खं पाऊल टेकवत. डॉक्टर फुंगचेही डोळे भरून आले.

नवराबायको वाकून वाकून आभार मानत गेली. डॉक्टर फुंगनी फरशीवरचा कागद उचलून कचऱ्यात टाकला, हात धुतले आणि पुढच्या पेशंटला बोलवायला त्या दाराशी गेल्या.

तिथे सिस्टर हो-चिंग उभी होती. तिने त्यांना खालून वर न्याहाळलं.

"अय्या डॉक्टरबाई, आज उंच दिसताय!"

डॉक्टर फुंगच्या पायात रोजचेच सपाट बूट होते.