बारावं नाव

खोलीत तीन माणसं होती. एक दगडी खल, एक बत्ता, भिंतीवर अकरा तसबिरी. दार एकच, आतून कडी लावलेलं.

हे मी त्याच वेळी वहीत लिहिलं होतं. पुढचं खोटं वाटलं तरी एवढं खरं धरा. मंगळवार, सकाळचे नऊ.

काका वैद्य आहेत. रसायनशास्त्राची पदवी घेऊन मी त्यांच्या हाताखाली औषधं बनवायला शिकतेय. खल सुरू करण्याआधी परंपरेतल्या अकरा गुरूंची नावं म्हणायची, प्रत्येक नावाला सगळ्यांनी 'नमः' म्हणायचं. भिंतीवरच्या तसबिरी त्यांच्याच; अकराही जण कधीच गेलेले.

नावांचा जुना कागद विरला होता. मी नवा टाइप केला आणि शेवटी बारावं नाव घातलं. काकांचं. माझे गुरू तेच ना!

त्या दिवशी काकांचा चष्मा सापडेना, म्हणून मीच वाचलं.

बारावं नाव घेतलं आणि काकू 'नमः' म्हणता म्हणता थांबली.

"अगं, काय केलंस हे! हयात माणसाचं नाव यात घेतात का?"

"असू दे गं," काका हसले. "आयती बढती मिळाली मला."

काकू गप्प. मी गप्प. काका हसतच होते.

आणि तरीही... 'नमः' ऐकू आलं.

भिंतीकडून. एकदम अनेक आवाजांत.

काकूनं कागद तिथंच टराटरा फाडला.

दुपारी एका पेशंटचा फोन आला. काका बोलू लागले.

"हॅलो? वैद्यबुवा? ऐकू येत नाहीये..."

तीनदा तेच. "या रेंजच्या नावानं बोंब आहे नुसती," काका वैतागले.

मी फोन घेतला. माझं बोलणं पेशंटला पहिल्या शब्दापासून ऐकू आलं.

खलाचे फेरे नंतर मोजता यावेत म्हणून मी नेहमी रेकॉर्डिंग करते. संध्याकाळी ते लावलं.

अकराव्या नावापर्यंत तीन आवाज. मग माझं बारावं नाव. मग काकूचं ओरडणं. मग काका हसले होते, बोलले होते, तिथं...

काहीच नाही.

मग ते 'नमः'. अगदी स्पष्ट.

मी ते सात वेळा ऐकलं. त्या आवाजांत एक काकांचा आहे.

काकूला ऐकवलं. "तुझं मशीन बिघडलंय," ती म्हणाली. "समोर बसून बोलतायत ना? मग झालं तर!"

पण तेव्हापासून काकांचा फोन तीच उचलते.

आज सकाळी मी आवाज मोजायचं मीटर आणलं. तीच खोली, नऊची वेळ. काकांना हातभर अंतरावर बसवून पेपर मोठ्यानं वाचायला सांगितलं. त्यांनी खणखणीत वाचला. बाहेरून काकू म्हणाली, "अहो हळू, शेजाऱ्यांना ऐकू जाईल."

खोली शांत असताना : ३१ डेसिबल.

मी वाचताना : ६४ डेसिबल.

काका वाचताना : ३१ डेसिबल.