ओढीचा आकडा

सोलापुरात पार्क मैदानावर सामना असला की कन्ना चौकातल्या चहाच्या टपऱ्यांवर पूर्वी एकच प्रश्न असायचा, "स्कोअर काय झाला?" गेल्या दोन हंगामांत तो बदलला होता. आता लोक विचारत, "रेवतीची ओढ किती लागली?"

धावफलकावर फलंदाजाच्या नावापुढे आता तीन आकडे झळकत. पहिला काढलेल्या धावांचा. दुसरा 'नियत धावां'चा, म्हणजे तीच खेळपट्टी, तेच गोलंदाज आणि तेच ऊन असताना त्या दर्जाच्या खेळाडूने सरासरीने किती धावा केल्या असत्या, त्याचा हिशेब. आणि तिसरा आकडा ओढीचा.

तो शोधून काढला मल्लिनाथ बिराजदारने. मल्लिनाथ विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवायचा आणि महिलांच्या नगर लीगमध्ये सोलापूर संघाचे आकडे सांभाळायचा. रेवती यन्नम त्याची शाळासोबतीण. यंत्रमागावर टॉवेल विणणाऱ्या व्यंकटेश यन्नम यांची ती एकुलती एक मुलगी. सोलापुरात तिची सरासरी एकसष्ट होती आणि बाहेर चौतीस. सगळे म्हणायचे, घरच्या खेळपट्टीची सवय आहे, दुसरं काय! पण त्याच खेळपट्टीवर वाढलेल्या बाकीच्या मुलींच्या आकड्यांत असा फरक नव्हता. मल्लिनाथला ते स्वस्थ बसू देईना.

त्याने एक स्पंदपट्टी बनवून घेतली. हेल्मेटच्या आत, कपाळाला टेकेल अशी चिकटवायची. नाडी, श्वास आणि मानेच्या स्नायूंचा ताण ती चेंडूगणिक टिपायची. रेवतीने ती पूर्ण हंगाम वापरली. सरावात वापरली, बाहेरगावच्या सामन्यांत आणि येताजाता बसमध्ये वापरली, एवढंच काय, मल्लिनाथने सांगितलं म्हणून टोपीखाली लावून सिद्धेश्वर तलावाला फेऱ्याही मारल्या.

हंगाम संपल्यावर त्याने तिला विद्यापीठाच्या कॅन्टीनमध्ये बोलावलं.

"तुझ्या धावांतला एक हिस्सा तंत्राचा नाही," तो म्हणाला. "खेळपट्टीचाही नाही आणि प्रेक्षकांचा पण नाही. मैदान रिकामं असलं तरी तो येतोच."

"मग कशाचा?"

"गावाचा. बस सोलापुरात शिरली की तुझी नाडी संथ होते. श्वास लांबतो. इथं तू चेंडू बाकीच्यांपेक्षा उशिरा खेळतेस, अजिबात घाई न करता. तुझा या गावावर जीव आहे, रेवती. आणि तो मोजता येतो."

रेवती हसली, पण तिचे डोळे भरून आले. घरी येऊन तिने वडिलांना सांगितलं तेव्हा माग बंद करून त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "त्याला यंत्र कशाला लागतं? मला विचारायचं होतं."

लीगने पुढच्याच वर्षी स्पंदपट्टी सक्तीची केली. जिथे सामना असेल त्या गावाची प्रत्येक खेळाडूला असलेली ओढ शंभरात मोजली जाऊ लागली आणि रेवतीची सोलापूरची ओढ निघाली एक्क्याण्णव. तिच्या जवळपासही कुणी नव्हतं. चौकाचौकात तिचे फलक लागले. पूर्व भागातल्या गल्ल्यांतून ती जायची तेव्हा बायका दारातून हाक मारायच्या, "ए एक्क्याण्णव!" तिला ते नाव आवडायचं.

त्या हंगामाअखेर सोलापूरच्या कर्णधार निवृत्त झाल्या. पुढची कर्णधार कोण, हे सगळं गाव धरूनच चाललं होतं. त्याच आठवड्यात नाशिकच्या संघाने रेवतीला कर्णधारपद देऊ केलं होतं. तिने कुणाला न विचारता फोनवरच नकार कळवून टाकला होता.

मग संघाच्या संचालिका उज्ज्वला गायधनी यांनी तिला बोलावलं.

"नागपूरची तनया भुसारी येतेय. कर्णधार तीच असेल. सलामीलाही तीच येईल. तू पाचव्या क्रमांकावर ये."

"मॅडम, मी पहिल्यापासून सलामीला खेळते."

"संघाचा समतोल बघावा लागतो, रेवती. पुढच्या वर्षी कर्णधारपद तुझंच. तू तर घरचीच आहेस."

घरचीच आहे म्हटल्यावर रेवती तयार झाली. ती पाचव्या क्रमांकावर खेळली. मधेच अंगठ्याचं हाड मोडलं, तेव्हा फिजिओ तनयाच्या गुडघ्यासाठी नागपूरला गेलेली होती. रेवतीचा अंगठा थोडा वाकडा जुळला. पुढच्या वर्षी कर्णधारपद पुन्हा तनयाकडेच राहिलं आणि रेवती सहाव्या क्रमांकावर गेली. कमी षटकांच्या सामन्यांत सहाव्या क्रमांकाला किती चेंडू मिळणार? राज्याचा संघ निवडणारे धावा बघतात, ओढ बघत नाहीत. त्यांच्या यादीतून तिचं नाव गळलं.

कोल्हापूरविरुद्धच्या सामन्यात ती मैदानात उतरली तेव्हा शेवटचं षटक चालू होतं. सामना हरल्यावर ड्रेसिंग रूममध्ये तनया आणि ती दोघीच मागे राहिल्या. पॅड सोडता सोडता तनयाने विचारलं, "तुला राग नाही येत का गं?"

"कसला?"

"मी तुझ्या जागेवर बसली आहे ना!"

"संघाचा समतोल असतो," रेवती म्हणाली.

तनयाने पॅड बाजूला ठेवलं. "समतोल वगैरे काही नाही. खरं सांगून राहिले तुला. मी येणार नव्हते. कर्णधारपद दिलं तरच येईन म्हटलं. मला वाटलं, नाहीच म्हणतील, त्यांच्याकडे तू होतीस. तर मॅडम म्हणाल्या, रेवतीची काळजी करू नको, ती कुठंच जात नाही. आकड्यातच आहे ते. मला आलेखही दाखवला."

"कसला आलेख?"

"तुझा. तू किती सोसशील त्याचा." तनयाने मान खाली घातली. "मला वाटलं, तुला माहीत असेल."

रेवती तशीच, खेळाच्या कपड्यांत, विद्यापीठात गेली. मल्लिनाथचा तास नुकताच संपला होता. फळा पुसायचं सोडून त्याने डस्टर खाली ठेवलं. तिचा चेहरा बघूनच त्याला कळलं असावं.

"गायधनी मॅडमनी काय विचारलं होतं तुला?"

"ऐक की, रेवती..."

"काय विचारलं होतं?"

"खेळाडू टिकवायचा खर्च कुठं करावा, असं विचारलं होतं. कोण काय मिळालं नाही तर जाईल, आणि कोण..."

"आणि कोण काही दिलं नाही तरी राहील."

"हो."

"तू सांगितलंस."

"माझ्याकडे उत्तर होतं. कर्णधारपद नाही दिलं तरी तू राहशील. खाली खेळवलं तरी राहशील. काही सामने बाहेर बसवलं..."

"तरी?"

"तरी राहशील."

"मला एकदा विचारायचंस तरी, मल्लू. मी ती पट्टी तुझ्यासाठी लावली होती. लीगसाठी नाही."

"मला वाटलं, तुझा जीव किती आहे हे बघून ते तुला जपतील." त्याचा आवाज उतरला. "आकडा चुकीचा नव्हता गं."

तेच तर तिला सहन होत नव्हतं. आकडा खोटा असता तर ती भांडली असती. तिच्या मनातली सर्वांत चांगली गोष्ट त्याने बाहेर काढली होती, बरोबर मोजली होती आणि नको त्या हातात दिली होती. ज्याचा आपल्यावर जीव नाही, त्याला खूश ठेवावं लागतं. ज्याचा आहे, त्याला गृहीत धरलं तरी चालतं. हे घरोघरी चालत असेल. पण ते कागदावर काढून त्याप्रमाणे कुणी वागतं, हे तिने पहिल्यांदा पाहिलं होतं.

हंगाम संपताच तिने नाशिकला होकार कळवला. कर्णधारपद तोवर दुसऱ्या कुणाला गेलं होतं. तरीही ती जायला तयार झाली.

गावाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. गावाला एवढंच कळलं की एक्क्याण्णव ओढीची मुलगी सोडून चालली. तिचे फलक फाडले गेले. यन्नम यांच्या घराच्या भिंतीवर कुणीतरी 'गद्दार' लिहून ठेवलं. व्यंकटेशरावांनी स्वतः चुना आणून भिंत रंगवली. रेवती बादली धरून उभी होती.

"जा, बिड्डा," ते म्हणाले. लाडात आले की ते तिला तेलुगूतच हाक मारत. "चुना संपला तर मी आणखी आणीन."

"मी सगळ्यांना खरं काय ते सांगू का?"

"काय सांगशील? गावावर जीव होता म्हणून गाव सोडलं? कुणाला कळेल ते?"

जानेवारीत नाशिकचा संघ पार्क मैदानावर खेळायला आला. पॅव्हेलियनच्या दाराशी मल्लिनाथ उभा होता. त्याने संघाचं काम सोडलं होतं. रेवती त्याला ओलांडून निघाली तेव्हा तो घाईघाईने म्हणाला, "आज पट्टी सगळं दाखवेल. तुझा आकडा वर गेला तर त्यांना कळेल की तू अजून त्यांचीच आहेस. मग ते तुला परत बोलावतील, आधीपेक्षाही खालच्या जागेवर. आणि नाशिकवाले म्हणतील, हिचा जीव आपल्यात नाही. लवकर आउट हो. त्यातच तुझं भलं आहे."

रेवती थांबली. "आधी माझं खरं विकलंस. आता मला खोटं खेळायला शिकवतोस?"

ती मैदानात उतरली तेव्हा प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. मल्लिनाथला सुनावलं होतं खरं, पण त्याचं म्हणणं डोक्यातून गेलं नव्हतं; पहिले काही चेंडू तिने ठरवून वाईट खेळले. बॅट लवकर काढली, पाय रोवून ठेवले. एक झेल सुटला. पुढचा चेंडू ऑफ स्टंपबाहेर, जरा आखूड आला. बारा वर्षांची असल्यापासून हा चेंडू तिने याच टोकाला हजारदा खेळला होता. तिने तो येऊ दिला, अगदी अंगाजवळ येऊ दिला आणि मग नुसती दिशा दिली. चेंडू सीमेपार गेला. त्यानंतर तिला वाईट खेळता येईना.

फलकावर ओढीचा आकडा चढू लागला. सत्तर. ब्याऐंशी. नव्वद. हुर्यो हळूहळू विरली. चौऱ्याण्णववर आकडा स्थिरावला तेव्हा मैदान इतकं शांत होतं की स्टॅंडमधून एका म्हाताऱ्या बाईंचा आवाज तिला खेळपट्टीवर स्पष्ट ऐकू आला.

"मग गेलीस कशाला गं, पोरी?"

नाशिक जिंकलं. गायधनी पायऱ्यांपाशी वाट बघत होत्या.

"चौऱ्याण्णव! मला खात्री होती. परत ये, रेवती. कर्णधारपदाचं पुढच्या वर्षी बघू."

"नाही, मॅडम."

गायधनी मनापासून हसल्या. "आकडा तसं म्हणत नाही."

आकडा काहीही म्हणो, ती परत गेली नाही. नाशिककडून ती सहा हंगाम खेळली, सरासरी चाळिशीच्या आतच राहिली. राज्याच्या संघात पुन्हा तिची निवड झाली नाही. सोलापूरला ती आईवडिलांना भेटायला जायची, पण बॅट घेऊन कधी गेली नाही. खेळणं थांबल्यावर तिने नाशिकमध्येच गंगापूर रोडला मुलींसाठी प्रशिक्षण वर्ग काढला.

गेल्या महिन्यात तिथं एक बाई आपल्या मुलीला घेऊन आल्या. मुलगी तेरा-चौदा वर्षांची असेल. रेवतीने तिला नेटमध्ये खेळवून पाहिलं. उशिरा खेळत होती, न घाबरता. असं खेळणारी मुलगी रेवतीने कित्येक वर्षांत पाहिली नव्हती.

"काही शिकवायची गरज नाही हिला," ती आईला म्हणाली.

"आहे ना, मॅडम. म्हणून तर तुमच्याकडे आणलं." आईने आवाज खाली आणला. "शाळेत पट्टी लावून बघितली. नाशिकची ओढ अठ्ठ्याऐंशी निघाली हिची. आमच्या ओळखीचे सर म्हणाले, एवढी ओढ असली की मुलीचं पुढं नुकसानच होतं, कुणी विचारत नाही. लहान आहे तोवर कमी करून घ्या म्हणाले. तुम्ही गाव सोडून आलात, तुम्हाला जमलं. ती कमी कशी करायची, तेवढं हिला शिकवाल का?"

रेवती मुलीजवळ जाऊन बसली.

"तुला इथं खेळायला आवडतं?"

मुलीने आधी आईकडे पाहिलं. मग बॅटचं टोक जमिनीवर घासत ती म्हणाली, "नाही. कुठंही खेळायला सारखंच वाटतं मला."

तिच्या हेल्मेटमधली पट्टी अजून चालू होती. रेवतीने फक्त हात पुढे करून पट्टीवरचा आकडा पाहिला असता तर त्या उत्तराचा खरेखोटेपणा तिथल्या तिथे कळला असता. पण मुलीने जे आपल्यापाशीच ठेवायचं ठरवलं होतं, ते बघण्याचा हक्क कुणाला होता?