दोनदा मापलंस ना?

यातला एक शब्दही मी पदरचा घातलेला नाही. हे माझ्या सख्ख्या भाच्याच्या बाबतीत घडलं. त्याने ते मला मान खाली घालून सांगितलं. थापा मारणारा माणूस स्वतःला इतकं लहान करून घेत नाही.

वेळ रात्रीची नव्हती. रविवारची भर दुपार. गॅरेजचं शटर अर्धं ओढलेलं. आत एकच गाडी, साठ वर्षांची, फिकट हिरवी.

भाच्याला सगळे धाकटा मिस्त्री म्हणतात. पन्नाशी उलटली, टक्कल पडलं, तरी धाकटाच. कारण मोठे मिस्त्री म्हणजे त्याचे वडील, माझे मेहुणे. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली.

गाडी डॉक्टरबाईंची. आता त्या निवृत्त आहेत. चहाचा कप घेऊन स्टुलावर बसल्या होत्या.

"ते पॉइंट काढून टाक आणि इलेक्ट्रॉनिक बसव," त्या म्हणाल्या. "उद्या डोंगरापलीकडे बहिणीकडे जायचंय. पुन्हा रस्त्यात बॉनेट उघडून उभं राहायचं माझं वय नाही."

'पुन्हा' ऐकलं आणि धाकट्याने मान इंजिनात घातली.

ज्यांनी जुनी गाडी उघडून पाहिलेली नाही, त्यांना सोपं करून सांगतो. पेट्रोल पेटायला ठिणगी लागते. जुन्या गाडीत डिस्ट्रिब्युटर नावाचं वाटीएवढं भांडं असतं. त्यात धातूचे दोन छोटे ओठ असतात. ते मिटतात आणि उघडतात. उघडले की 'टिक' होतं आणि ठिणगी पडते. हेच पॉइंट. त्यांच्यामधली फट जाड कार्डाएवढीच हवी. बिघडली की गाडी रुसली.

इलेक्ट्रॉनिकमध्ये हे ओठच नसतात. चुंबकाची एक फिरती कडी, शेजारी एक काळी डबी, मध्ये मापून ठेवलेली फट. काही टेकत नाही, काही झिजत नाही.

आणि आवाजही होत नाही. एवढं ध्यानात ठेवा.

मोठे मिस्त्री फट मापायला गॅरेजचंच व्हिजिटिंग कार्ड वापरायचे. मापायचं, स्क्रू आवळायचा, पुन्हा मापायचं. "आवळताना फट सरकते रे. म्हणून दोनदा." लेक आठ वर्षांचा असताना त्यांनी हे शिकवलं. पुढे शंभर वेळा शिकवलं, पण कधी आवाज चढवला नाही.

अठरा वर्षांपूर्वी याच गाडीला नवे पॉइंट धाकट्याने बसवले होते. मित्र बाहेर हाका मारत होते. आतून वडिलांनी विचारलं, "दोनदा मापलंस ना?"

"हो."

मापलं नव्हतं. स्क्रूही नीट आवळला नव्हता.

त्याच संध्याकाळी बाईंच्या आईची तब्येत बिघडली. बाई निघाल्या. अर्ध्या वाटेत गाडी बंद पडली. त्या पोहोचल्या तेव्हा सगळं संपलं होतं.

दुसऱ्या दिवशी गाडी ओढून आणली. मोठ्यांनी झाकण काढलं. स्क्रू नुसत्या बोटाने फिरला.

"कोणी केलं हे काम?" बाईंनी विचारलं.

धाकटा म्हणाला, "बाबांनी."

मोठ्यांनी स्क्रूकडे पाहिलं. मग लेकाकडे.

"हो. मीच," म्हणाले.

त्यानंतर त्यांनी मरेपर्यंत डिस्ट्रिब्युटरला हात लावला नाही. लोक म्हणाले, मिस्त्रींचा हात गेला.

तर त्या रविवारी... काम तासाभरात उरकलं. पॉइंट काढून ट्रेमध्ये ठेवले. कडी बसवली, डबी बसवली, दोन वायरी जोडल्या, झाकण लावलं. गाडी एका चावीत सुरू झाली. बाई खूश. गाडी बंद केली, चावी पर्समध्ये टाकली.

गॅरेज एकदम शांत झालं.

इतकं शांत, की रस्त्यावरचाही आवाज येईना.

मग...

टिक.

"पॉइंट काढलेस ना रे?" बाईंनी विचारलं.

"काढले की. हे काय, ट्रेमध्ये आहेत."

टिक.

दोनदाच. सावकाश. कोणीतरी हाताने इंजिन फिरवून बघत असल्यासारखं.

आवाज बंद झाकणाच्या आतून आला होता.

धाकट्याने क्लिपा सोडवल्या. झाकण उचललं.

कडी आणि डबी यांच्यामधल्या फटीत... एक कार्ड उभं होतं.

गॅरेजचं जुनं कार्ड, सहा आकडी फोन नंबर असलेलं. ती कार्डं संपून जमाना झाला होता. कडेवर अंगठ्याचा काळा ठसा.

तेल अजून ओलं होतं.

त्याने कार्ड ओढलं, तशी डबी डुगडुगली. स्क्रू सैल होता. आजही आवळायचा राहिला होता. आजही त्याने दोनदा मापलं नव्हतं. उद्या बाई चढावर असत्या...

"काय सापडलं?"

"स्क्रू सैल राहिला होता."

"तेव्हासारखाच." बाई कोरडं हसल्या. "बापाचा हात लेकात उतरलाय म्हणायचा."

धाकट्याच्या तोंडून निघून गेलं, "तेव्हाही माझाच होता, बाई. बाबांचा नव्हता."

बाईंनी कप खाली ठेवला.

"ते माझ्या घरी आले होते," त्या म्हणाल्या. "माफी मागायला. मी आत या म्हटलं नाही. दारातूनच परत पाठवलं." मग त्यांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. "पण ते असे गाफील नव्हते. त्यांनी तुला विचारलं नाही, नीट मापलंस का म्हणून?"

एवढंच उत्तर द्यायचं होतं.

"नाही," धाकटा म्हणाला. "विचारलं नाही."

मला हे सांगताना तो रडला. "मामा, कबूल करायलाच तोंड उघडलं होतं. आणि त्यातही थोडं त्यांच्याच माथी मारलं."

बाई दुसऱ्या दिवशी गेल्या, सुखरूप परत आल्या. गाडी अजून उत्तम चालते. कार्ड धाकट्याने टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवलं.

त्यानंतर तीन वेळा ते ड्रॉवरमध्ये नव्हतं. तिन्ही वेळा त्याने समोरची गाडी पुन्हा उघडली. एकदा चाकाचा नट ढिला. एकदा ब्रेकचा पाइप. एकदा बॅटरीची वायर. पुन्हा आवळलं की संध्याकाळी कार्ड जागेवर.

परवा सकाळी ते चौथ्यांदा गायब झालं.

गॅरेजमध्ये एकही गाडी नव्हती.

ड्रॉवर तसाच उघडा टाकून तो माझ्याकडे आला. "मामा, आता काय तपासू?"

सैल काय राहिलंय, ते मला ठाऊक होतं. त्यालाही ठाऊक होतं. मी फोन त्याच्यासमोर सरकवला. त्याने तो उचलला, हातात धरून ठेवला, आणि पुन्हा खाली ठेवला.

बाईंना त्याने अजून फोन केलेला नाही.

कार्डही अजून परत आलेलं नाही.