लिथारीच्या वळणावर हॉर्न

रात्र नव्हती. हे आधीच सांगतो, कारण ऐकणारे सगळे रात्रच धरून चालतात.

दुपार होती. ऑक्टोबर संपत आलेला. ग्रीसमधलं आमचं बेट खिओस, त्याची उत्तरेकडची ओसाड बाजू आणि लिथारी नावाचं गाव. ज्यांना हे खोटं वाटतं त्यांनी खुशाल खोटं समजावं. पटवून द्यायचा मला आता कंटाळा आलाय.

घडलं ते माझ्या मोठ्या मेव्हणीच्या बाबतीत. आर्गिरो तिचं नाव. बंदरावर भाड्यानं गाड्या देणाऱ्या दुकानात ती काउंटरवर असते. पाहुणे येतात, नकाशा पसरतात, "गर्दी नसेल तिकडचं सांगा" म्हणतात. ती उत्तरेकडे बोट ठेवते.

"रस्ता अरुंद आहे. वळणावर समोरचं दिसत नाही. हॉर्न दाबा. चांगला लांब."

उन्हाळाभर हेच. घसा बसेपर्यंत.

लिथारीत तिची आई राहायची. म्हणजे माझ्या सासूबाई, मार्केला. एकट्याच. घरात एकट्या नव्हे, अख्ख्या गावात. बाकीचे कोणी बंदरावर उतरले, कोणी परदेशी गेले, उरलेले चर्चच्या मागे पुरलेले.

मागच्या थंडीत सासूबाई अंगणात पडल्या आणि दिवसभर तशाच पडून राहिल्या. आणखी एक थंडी त्या वरच्या गावात काढू शकणार नाहीत, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं. आर्गिरो विनवण्या करून थकली. आईचं उत्तर ठरलेलं.

"येईन गं. हातातलं काम संपू दे."

कसलं काम? कोंबड्यासुद्धा विकून टाकल्या होत्या.

या वेळी मात्र फोनवर हो म्हणाल्या. दुकानाचा मालक स्त्रातिस यानं गाडी दिली. "छोटी पांढरी ने. म्हातारीला पुढेच बसव. मागे बसून ओकली तर धुवायची तूच."

आर्गिरो निघाली. सगळ्या हंगामाचा शीण अंगात. डोळे मिटत होते. डोंगर चढून गावावरच्या वळणाशी आली आणि हात आपोआप हॉर्नवर गेला.

पॉऽऽऽऽऽऽ.

दरीतून आवाज परत आला.

मग...

मग काहीच नाही. पाखरंसुद्धा गप्प. ती गावात शिरली आणि...

नाही. आधी पाववाल्याचं सांगायला हवं.

पांतेलिस त्याचं नाव. पूर्वी या डोंगरातल्या गावांना तोच पाव पुरवायचा. वळणावरूनच लांब हॉर्न द्यायचा. बायका दाराच्या कडीला कापडी पिशवी अडकवून आत कामाला लागायच्या. तो पिशवीत पाव टाकून पुढे जायचा. तो वारला, त्यालाही किती वर्षं झाली.

तर ती गावात शिरली. आई पायरीवर बसली होती, बोचकं बांधून. पण चेहरा उतरलेला.

"हॉर्न तू वाजवलास?"

"मग? वळण आहे ते. समोरून कोणी आलं असतं तर?"

"कोण येणार होतं, बाई? मी?"

आईनं मोठा सुस्कारा सोडला. गुडघ्यावर हात रेटून उठली. "जा, पाण्याचा वरचा कॉक बंद करून ये. मला जरा वेळ लागेल."

आर्गिरो गल्लीनं वर गेली. दोन्ही बाजूंना बंद दारं. लहानपणापासून पाहिलेली. तिनं कॉक फिरवला आणि मागे वळली.

देस्पिनामावशीच्या दाराला पिशवी होती.

जाताना नव्हती.

निळ्या चौकड्यांची. धुतलेली. इस्त्रीची घडीसुद्धा मोडलेली नव्हती. त्या घराला छप्पर नाही. आतून अंजिराचं झाड वर आलंय.

पुढच्या दाराला... पिशवी.

त्याच्या पुढच्याही.

वारा नव्हता. तरी शेवटची पिशवी हलत होती. कडीला अडकवून कोणीतरी नुकताच हात काढून घ्यावा, तशी.

हे सांगताना इथे आर्गिरो नेहमी थांबते. पाणी पिते. म्हणते, दारामागे माणूस उभं असलं ना, की दार वेगळंच गप्प असतं.

ती धावत घरी आली. आई पाव कापत होती.

"आई, त्या पिशव्या..."

"दिसल्या होय तुला?" सुरी थांबली नाही. "मला वाटलं, दिसायच्या नाहीत."

"कोणी लावल्या?"

"ज्यांच्या आहेत त्यांनी. हॉर्न ऐकला की लावतात. रिकाम्या राहिल्या तर रात्रभर कड्या वाजवत बसतात. रागानं नाही गं. पाववाला विसरला, असं वाटतं त्यांना."

"आणि तू रोज..."

"रोज कशाला? पांतेलिस गेल्यावर सगळं शांत होतं. मग या भाड्याच्या गाड्या यायला लागल्या. वळणावर भोंगा वाजवतात, फोटो काढतात, निघून जातात. पीठ मळायचं मी. कधी कधी दिवसातून दोनदा. कोण शिकवतं मेल्यांना, कोणास ठाऊक!"

शिकवणारी समोरच उभी होती.

आईनं टोपली तिच्या हातात दिली. "आज तू वाजवलास. तू वाट. मी दमले गं पोरी. फार दमले."

आई गाडीत बसायला कबूल होती, हीच मोठी गोष्ट. आर्गिरोनं टोपली घेतली.

एकेक दार. पिशवीत पाव. मान खाली. पुढचं दार.

शेवटच्या पिशवीत तिनं पाव टाकला. वळणार, तेवढ्यात...

"मार्केलाची थोरली ना तू?"

दारामागून. म्हाताऱ्या, मायाळू आवाजात.

वडीलधाऱ्यांनी विचारलं तर आमच्याकडे गप्प राहत नाहीत. लहानपणापासून मुरलेली सवय.

ती म्हणाली, "हो."

आत कोणीतरी दुसऱ्याला सांगितलं, "थोरलीच आहे." मग शेजारच्या घरात. मग त्याच्या शेजारच्या.

ती परत आली तेव्हा आई पट्टा लावून गाडीत तयार होती.

"बोलले काही?"

"ओळखलं मला."

आईनं मान हलवली. डोळे मिटले.

वळण ओलांडताना आर्गिरोनं विचारलं, "आई, ते मला विचारणार, हे तुला माहीत होतं?"

आई तोंड उघडं टाकून घोरत होती.

सासूबाई आता बंदरावर, आमच्याकडेच असतात. गाल भरलेत. डॉक्टरांनाही नवल वाटतं. पत्ते खेळतात, माझ्या कॉफीला नावं ठेवतात. थंडी निघून गेली, त्यांना साधी सर्दी झाली नाही.

आर्गिरो आता पाहुण्यांना बजावते, त्या वळणावर हॉर्न नको. ते वाजवतातच. तिला इथे बसून कसं कळतं, ते विचारू नका. बोलता बोलता गप्प होते, पेन खाली ठेवते, पाव घेते आणि निघते. स्त्रातिसनं ओरडणंही सोडून दिलंय. रविवारी आमच्या टेबलावर ती हातात चमचा धरूनच झोपते.

परवा बायको मला म्हणाली, "ताईला झेपत नाही रे. उद्या मी जाते तिच्याबरोबर. निदान टोपली तरी धरीन."

मी म्हणालो, "अगं, आधी आईंना तरी विचार."

सासूबाई समोरच पत्ते पिसत होत्या. वर न बघता म्हणाल्या,

"जाऊ दे तिला. धाकटीबद्दल ते केव्हापासून विचारताहेत."