खंडेनवमीची अकरा मिनिटं

पारोळ्याच्या स्टँडवर बस थांबली. चढलेला तरुण शेजारी बसता बसताच म्हणाला, "तुमच्या मांडीवरची मोटार जळालीय."

सोनलने खोकं आणखी घट्ट धरलं. खोकं बंद होतं, आणि आत काय आहे हे तिने जळगावपासून कुणालाही सांगितलं नव्हतं.

"वास येतोय... वार्निश जळल्याचा."

बाहेर भुरभुर पाऊस होता, खिडकीची काच वर सरकेना, आणि हा माणूस बरोबर बोलत होता. तिन्हींचा तिला सारखाच वैताग आला.

त्याचं नाव भूपेंद्र. धुळ्यात आजोबांच्या, झुलाल आबांच्या दुकानात तो शेतातल्या पंपांच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करायचा. धुळं येईपर्यंत त्याने तिच्याकडून सगळं काढून घेतलं. सोनल जळगावच्या एका महाविद्यालयात संशोधन करत होती. अंतराळात माणसाचं वजन हरवतं, तेव्हा त्याच्या आतड्यातले जिवाणू कसे बदलतात, हा तिचा विषय. अंतराळ काही तिच्या आवाक्यात नव्हतं. म्हणून जिवाणूंची काठोकाठ भरलेली बाटली आडवी धरून दहा दिवस सलग फिरवायची. आतले जिवाणू पडत राहतात, पण तळाला टेकत नाहीत. शेजारी तशीच एक बाटली स्थिर ठेवायची आणि शेवटी दोन्ही पुण्याला तपासायला न्यायच्या. तपासणीची तारीख ठरली होती, आणि यंत्र दोनदा मध्येच बंद पडलं होतं.

"पडतात, पण पोचत नाहीत," भूपेंद्र विचार करून म्हणाला. "या बससारखं."

तिला हसू आलं. तिने ते खिडकीकडे तोंड करून संपवलं.

यंत्र त्याने चार दिवसांत नव्याने बांधून दिलं. मग अडलं जिवाणूंपाशी. वर्षभरात एकही अँटिबायोटिक न घेतलेला धडधाकट माणूस हवा होता, आणि ती ज्याला विचारी त्याने साध्या सर्दीलाही गोळ्या खाल्लेल्या. भूपेंद्रने मात्र शाळा सुटल्यापासून गोळी तोंडात घातली नव्हती. शेवटी तोच जळगावात मावशीकडे मुक्काम करून सकाळी आठला शौचाच्या नमुन्याची झाकणबंद डबी घेऊन दारात उभा राहिला. कानाच्या पाळ्या लाल. मावशीने काय नेतोस विचारलं, तेव्हा लोणचं म्हणून सांगितलं होतं म्हणे.

तेव्हापासून त्याचा तोरा वाढला. बेअरिंग बघायच्या निमित्ताने तो एक दिवसाआड यायचा. बेअरिंगला काही झालेलं नाही, असं सोनल दरवेळी सांगायची.

"माझ्या पोटातले जीव तुमच्याकडे राहायला आलेत," तो म्हणायचा, "आणि मला अजून साधा चहा नाही."

ती वहीत नोंदी करत राहायची. पण तो यायच्या दिवशी चारनंतर जिन्यातल्या प्रत्येक पावलाकडे तिचे कान लागायचे... आणि मग स्वतःचाच वैताग यायचा.

प्रयोगाच्या आठव्या दिवशी खंडेनवमी होती. सोनल बैठकीहून परतली, तेव्हा यंत्र फिरत होतं. पण टेबलावर कुंकू सांडलं होतं, बाकावर झेंडूचा हार होता, आणि हाराशेजारी भूपेंद्र मान खाली घालून बसला होता.

"मी ते थांबवलं होतं," तो म्हणाला. "अकरा मिनिटं."

खंडेनवमीला आबांच्या दुकानात एकही मोटार फिरत नाही. सकाळी दार उघडलं की आबा म्हणणार, "बठ्ठं बंद. आज मशिनले सुट्टी शे." मग पान्यापासून पंपापर्यंत सगळ्याला हळदकुंकू आणि फुलं. भूपेंद्रने एकट्याने बांधलेलं हे पहिलंच यंत्र. ते बिनपूजेचं राहावं, हे त्याला धुळ्यात बसून सहन होईना. शिपाई पंडितभाऊंनी ओळखीने आत सोडलं. फिरत्या यंत्राला हार घालता येत नाही, म्हणून त्याने बटण बंद केलं. हात जोडले, डोळे उघडले, आणि बाटलीच्या तळाशी बसत चाललेला धूसर थर त्याला दिसला.

सोनलने आवाज चढवला नाही. आठ दिवस वाया गेले, एवढंच ती तीन वेळा म्हणाली. मग तिने पुण्याला फोन लावला आणि उभ्या उभ्या विनवण्या केल्या. बारा दिवस वाढवून मिळाले. त्यापुढे एकही नाही.

फोन ठेवून ती त्याच्याकडे वळली. "यावर थांबल्याची नोंद ठेवणारं मीटर नाही. तुम्ही सांगितलं नसतं, तर मला कळलंही नसतं."

"तुमच्या कागदात खोटं गेलं असतं."

यावर चिडता येईना. तिने चिडायला दुसरी जागा शोधली – यंत्राचा लोखंडी स्टँड.

"हा फिरतो का? नाही ना? हार, कुंकू, सगळं इथे झालं असतं. बटणाला हात लावायची गरजच नव्हती."

तो स्टँडकडे बघत राहिला. "खरंय... डोक्यातच आलं नाही."

"मग डोक्यात होतं काय?"

"तुम्ही," तो म्हणाला, आणि स्वतःच दचकला.

बाटली एका लयीत फिरत होती. सोनलने बाकावरचा हार उचलला, स्टँडला घातला, नीट सरळ केला. मग बटण बंद केलं.

"उद्या सकाळी आठला ताजी डबी हवी."

"उद्या दसरा आहे."

"जिवाणूंना नाही."

"म्हणजे... मी हो समजू?"

"आठ समज. सव्वाआठ नाही," ती म्हणाली. "आणि आपट्याची पानं दुसऱ्या हातात आण."